पुढच्या आयटमपर्यंत कोण थांबणार?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ 'विविध गुणदर्शना'ची असते. तुमच्याकडेही असेलच. छोट्यांचा नाच, कोणाचं तरी भावगीत, एकपात्री, कॉलेजच्या पोरांचा धांगडधिंगा आणि सगळ्यांत शेवटी आमच्या 'बी' विंगमधल्या आजोबांचं माउथ ऑर्गन. यंदा कार्यक्रमाची यादी ठरवायला बसलो, तेव्हा एका काकांनी सुचवलं की प्रत्येक आयटमची वेळ आधीच व्हॉट्सॲपवर टाकू या. सव्वासातला अमुक, साडेसातला तमुक. ज्याला जे बघायचंय तेवढ्यापुरतं त्याने खाली उतरावं, उगाच दोन तास खुर्ची अडवून बसायला नको.

सूचना सगळ्यांना पटली. खरं सांगायचं तर मलाही पहिल्या झटक्यात पटली. मग लक्षात आलं, की गेली तीन वर्षं मी ज्या प्रश्नात डोकं घालून बसले आहे तोच प्रश्न काकांनी चहा पिता पिता टेबलावर ठेवलाय. माझ्या पीएचडीचा विषय आहे टीव्हीच्या प्रेक्षकांची मोजणी. म्हणजे बघणारे किती आणि कोण हे मोजण्याची पद्धत बदलली, की पडद्यावर काय दिसणार हे कसं बदलतं. त्यातलं एक प्रकरण अमेरिकेतल्या व्हरायटी शोचं आहे. बैठकीत मला ते धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी हा प्रकार काय होता

व्हरायटी शो म्हणजे टीव्हीवरचं विविध गुणदर्शन. एक सूत्रधार, तासाभराचा वेळ, आणि त्यात एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले सात-आठ आयटम. गायिका, जादूगार, कसरतपटू, नकलाकार, एखाद्या चालू नाटकातला प्रवेश. याचं मूळ टीव्हीच्या आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत 'वॉडव्हिल' नावाची थिएटरं गावोगावी होती. एका तिकिटात आठ-दहा आयटम. त्यांचा क्रम लावणं हे एक शास्त्रच होतं. पहिला आयटम बहुधा बिनशब्दांचा ठेवत, कसरत किंवा शिकवलेले प्राणी वगैरे, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असायचे आणि बोललेलं कोणाला ऐकूच गेलं नसतं. (आपण छोट्यांचा नाच पहिला ठेवतो, त्यामागे हेच तर कारण आहे!) पुढे बोलपट आणि रेडिओने वॉडव्हिल संपवलं. न्यूयॉर्कचं 'पॅलेस' हे त्यातलं सगळ्यांत मानाचं थिएटर. तेही १९३२ मध्ये सिनेमाकडे वळलं. मंच गेला, कलाकार मात्र उरले. काही वर्षांनी टीव्ही आला तेव्हा त्याला रोज काहीतरी दाखवायला हवं होतं आणि ही मंडळी तयारच होती.

१९४८ मध्ये दोन मोठे कार्यक्रम सुरू झाले. एनबीसीवर मिल्टन बर्ल आणि सीबीएसवर एड सलिव्हन. आपल्या कामाचा माणूस आहे तो सलिव्हन. तो वर्तमानपत्रात सदर लिहायचा. त्याला गाता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं, विनोदही जमत नव्हता. मंचावर तो इतका अवघडून उभा राहायचा, की नकलाकारांना त्याची नक्कल करणं हा हक्काचा आयटम होऊन बसला. तरी त्याचा कार्यक्रम दर रविवारी रात्री आठ वाजता, १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षं चालला.

का चालला? सलिव्हनला एक गोष्ट फार चांगली कळत होती: कोणानंतर कोण. रविवारी दुपारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम व्हायची. ती बघून तो संध्याकाळचा क्रम बदलायचा, कोणाचे मिनिट कापायचा, कोणाला मागे-पुढे करायचा. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातला 'गजरा' ज्यांना आठवतो त्यांना हे नावावरूनच कळेल. फुलं वेगवेगळी, ओवणारा दोरा एक. सलिव्हन हा दोरा होता, आणि दोऱ्याला सुगंध नसला तरी चालतं.

९ फेब्रुवारी १९६४

या तारखेला बीटल्स पहिल्यांदा सलिव्हनच्या मंचावर आले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं असं मानतात. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या १९ कोटींच्या आसपास होती. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण त्या तासात आणखी कोण होतं हे कोणी सांगत नाही, आणि मला रस आहे तो त्यातच.

बीटल्सनी सुरुवातीला तीन गाणी म्हटली. त्यानंतर फ्रेड कॅप्स हा डच जादूगार पत्त्यांची आणि मिठाची जादू दाखवून गेला. मग 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकातला प्रवेश. त्यातला एक पोरगा होता डेव्ही जोन्स. दोन-अडीच वर्षांनी तो स्वतः 'मंकीज' या टीव्हीवरच्या बँडमध्ये चमकला. मग फ्रँक गॉर्शिन हा नकलाकार. मग टेसी ओशे ही ब्रिटिश गायिका. मग मिट्झी मॅकॉल आणि चार्ली ब्रिल हे तरुण विनोदी जोडपं. त्यानंतर बीटल्सची आणखी दोन गाणी, आणि शेवटी कसरत.

आता मॅकॉल आणि ब्रिलच्या जागी स्वतःला उभं करून बघा. आयुष्यातली सगळ्यांत मोठी संधी. तालमीनंतर सलिव्हन त्यांना बोलावून सांगतो, की समोर सगळी शाळकरी पोरं बसली आहेत, तुमचं प्रहसन त्यांच्या डोक्यावरून जाईल, बदला. ते घाईघाईत मोडतोड करून काहीतरी नवं जुळवतात. समोर बसलेल्या मुली फक्त पुढच्या आयटमची वाट बघतायत. हशा नाहीच. पुढे कित्येक वर्षं ती दोघं ही रात्र आपली सगळ्यांत वाईट रात्र म्हणून सांगत राहिली.

मला या एका तासात व्हरायटी शोचं बळही दिसतं आणि मरणही. बळ हे, की एका डच जादूगाराला एका झटक्यात सात कोटी माणसं मिळाली, जी त्याच्यासाठी आलीच नव्हती. मरण हे, की एकाच गोष्टीसाठी आलेला प्रेक्षक कसा असतो ते त्या रात्री पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. तो बाकीचं सहन करतो. आणि सहन करणारा माणूस उठायची सोय झाली की उठतो.

एक घर, चार माणसं

ही सोय कशी झाली ते समजून घ्यायला एक काल्पनिक घर घेऊ. घरात आजी, वडील, आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. टीव्ही एकच. आजीला जुनी गाणी आवडतात, वडिलांना विनोद, आईला नाटक, मुलाला रॉक संगीत.

रविवारी आठ वाजता चार पर्याय आहेत असं समजा. पहिल्या तीन चॅनलवर पूर्ण तास फक्त गाणी, फक्त विनोद किंवा फक्त नाटक. चौथ्यावर व्हरायटी शो, त्यात प्रत्येकाच्या आवडीची पंधरा-पंधरा मिनिटं. गाणी लावली तर आजी तासभर खूश, बाकी तिघं वैतागलेली. व्हरायटी शो लावला तर कोणीच पूर्ण खूश नाही, पण प्रत्येकाचं काहीतरी येणार आहे. भांडण न होता जे लागतं ते हेच. मुलगा बीटल्ससाठी थांबतो आणि थांबता थांबता आजीची गायिका ऐकतो.

आता त्याच घरात दुसरा टीव्ही आणा. माणसं तीच, आवडी त्याच, कार्यक्रमही तोच. आजी आतल्या खोलीत गाणी लावते. मुलगा बाहेर त्याचं लावतो. आता प्रत्येकासमोर प्रश्न असा आहे: माझ्या आवडीची पंधरा मिनिटं की साठ? याचं उत्तर द्यायला गणित लागत नाही. जो कार्यक्रम काल सगळ्यांच्या सोयीचा होता तोच आज प्रत्येकाची शेवटची निवड झाला.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण माझा सगळा प्रबंध याच खिळ्यावर टांगलेला आहे. या घरात कोणाचीही आवड बदललेली नाही. जादू, गाणी, नकला कोणालाही कंटाळवाण्या झालेल्या नाहीत. बदलली ती फक्त बसण्याची व्यवस्था.

आणि ती खरोखरच बदलत होती. १९५० मध्ये अमेरिकेत जेमतेम ९ टक्के घरांत टीव्ही होता, १९६० पर्यंत तो ८७ टक्के घरांत पोचला. १९७० च्या सुमारास साधारण एक तृतीयांश घरांत एकापेक्षा जास्त संच होते, आणि आणखी दहा वर्षांनी निम्म्या घरांत. मग केबल आली, रिमोट सर्रास झाला, व्हीसीआर आला. यातली प्रत्येक वस्तू एकच काम करत होती: न आवडणाऱ्या आयटममधून उठणं सोपं करणं.

पॉल क्लाइन नावाचे एनबीसीत प्रेक्षकमोजणीचं काम पाहिलेले गृहस्थ होते. त्यांनी १९७१ च्या सुमारास एक सिद्धांत मांडला. लोक कार्यक्रम बघत नाहीत, टीव्ही बघतात. आधी संच लावतात आणि मग जे आहे त्यातलं सगळ्यांत कमी खटकणारं निवडून बसून राहतात. तीन मोठी नेटवर्क असलेल्या देशात हे बरोबरच होतं. कार्यक्रम करणाऱ्याला तेव्हा 'कोणाला फार आवडेल' असा प्रश्न पडत नसे, 'कोण उठून जाईल' असा पडत असे. व्हरायटी शो हे त्या प्रश्नाचं सगळ्यांत चोख उत्तर होतं. चॅनल तीसच्या घरात गेल्यावर प्रश्नच उलटला.

पण कार्यक्रम तर त्याआधीच बंद झाले

आतापर्यंतचं वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, लोक उठून गेले आणि कार्यक्रम बंद पडले. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटत होतं. पण तारखा लावून बघितल्या तर जुळत नाहीत.

रेड स्केल्टन हा विनोदवीर घ्या. १९६९-७० च्या हंगामात त्याचा कार्यक्रम अमेरिकेतल्या पहिल्या दहांत होता. सीबीएसने तो १९७० मध्ये बंद केला. पहिल्या दहांतला! त्याच वर्षी जॅकी ग्लीसनचाही गेला. १९७१ मध्ये सलिव्हनचा. त्याच वर्षी एबीसीने लॉरेन्स वेल्कचा वाद्यवृंदाचा कार्यक्रम काढून टाकला. लोक खोलीतून उठले नव्हते, तोवर दिवे मालवले गेले होते.

इथे माझा खरा विषय येतो, मोजणी. नील्सन ही कंपनी निवडक घरांतल्या संचांना यंत्र जोडायची. त्या यंत्राला संच कोणत्या चॅनलवर आहे तेवढंच कळायचं. समोर आजी आहे की नातू, हे वेगळ्या डायऱ्या भरून घेऊन काढावं लागे. पन्नाशीच्या दशकात जाहिरातदार एकच आकडा विचारायचे: किती घरं? साठीच्या दशकात ते विचारायला लागले: त्या घरांतलं कोण? साबण, गाड्या, शीतपेयं विकणाऱ्यांना १८ ते ४९ वयाची, शहरातली, पैसे खर्च करणारी माणसं हवी होती. एबीसी तिसऱ्या क्रमांकाचं नेटवर्क. एकूण घरं मोजली तर ते हरायचं, पण तरुण घरं मोजली तर त्याचा आकडा बरा दिसायचा. साहजिकच त्याने हाच मुद्दा लावून धरला आणि हळूहळू बाजाराने तो उचलला.

एकदा हा प्रश्न विचारला गेला की व्हरायटी शोची गंमत होते. त्याची सगळी ताकद यात, की आजी आणि नातू एकत्र बसतात. आता जाहिरातदार म्हणतो, आजीचे पैसे मी का देऊ? काल आजी ही भर होती, आज ती भेसळ झाली. सीबीएसने त्या दोन वर्षांत गावाकडचे आणि वयस्कर प्रेक्षक असलेले कितीतरी कार्यक्रम बंद केले, चांगले चालत असलेलेसुद्धा. त्यात सरकारी नियमाची भर पडली. १९७१ च्या हंगामापासून मोठ्या शहरांत नेटवर्कना संध्याकाळचे तीनच तास मिळतील असं ठरलं. जागा कमी झाल्यावर घराबाहेर कोणाला काढायचं हे ठरवायला निमित्तच मिळालं.

प्रेक्षक संपले नव्हते याचा पुरावा हवा असेल तर वेल्ककडे बघा. नेटवर्कने काढल्यावर त्याने कार्यक्रम स्वतःच तयार करून स्थानिक केंद्रांना थेट द्यायला सुरुवात केली. असा तो आणखी अकरा वर्षं, १९८२ पर्यंत चालला. बघणारे होतेच. त्यांना मोजायचं नाही असं ठरलं होतं.

दोन नेहमीच्या समजुती

पहिली: एमटीव्हीने व्हरायटी शो मारला. एमटीव्ही सुरू झाला १ ऑगस्ट १९८१ ला. कॅरल बर्नेटचा कार्यक्रम १९७८ मध्ये संपला होता, डॉनी आणि मरी ऑसमंडचा १९७९ मध्ये. एमटीव्ही तिरडी उचलायला आला होता.

दुसरी: शेवटी शेवटी कार्यक्रमच टुकार होते. हे खोटं नाही. १९७६-७७ मध्ये 'ब्रेडी बंच' या कौटुंबिक मालिकेतल्या कुटुंबाला नाचा-गायला लावलं. १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'चा सुट्टीतला खास कार्यक्रम झाला, तो आजही चेष्टेचा विषय आहे. १९८० मध्ये एनबीसीने 'पिंक लेडी' या जपानी गायिकांच्या जोडीला घेऊन कार्यक्रम काढला, तो पाच भागांत आटोपला. पण हे दुखण्याचं लक्षण आहे, कारण नव्हे. निर्मात्यांना कळलं होतं की वेगवेगळे आयटम आता माणसाला धरून ठेवत नाहीत, म्हणून ते आधीच प्रसिद्ध असलेल्या चेहऱ्यांना दोरा करत होते. सलिव्हनकडे उलट होतं. दोरा साधा आणि फुलं ताजी.

पैशाचीही एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगते. व्हरायटी शोला दर आठवड्याला नवा वाद्यवृंद-मेळ, नवे नाच, नवे कपडे, नवं लेखन. हे सगळं एकदाच वापरायचं. विनोदी मालिका पुन्हा पुन्हा विकता येते. व्हरायटी शो विकायला गेलं तर प्रत्येक गाण्याचे हक्क आडवे येतात आणि ताजे विनोद दोन वर्षांत शिळे होतात. कॅरल बर्नेटचा कार्यक्रम पुनःप्रक्षेपणासाठी विकला तेव्हा गाणी गाळून, नुसती प्रहसनं ठेवून त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग केले. म्हणजे विकण्याजोगा व्हायला व्हरायटी शोला आधी व्हरायटी टाकून द्यावी लागली.

मग गेलं ते काय?

आयटम कुठेच गेले नाहीत. विनोद रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांत आणि 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये गेला, गाणी एमटीव्हीवर, आणि काठ्यांवर बशा फिरवणारा माणूस आज तुमच्या फोनवर आहे. सलिव्हनकडे येणारा टोपो जीजो नावाचा बाहुला-उंदीर आज असता तर त्याचे लाखो फॉलोअर झाले असते. गेलं ते 'थांबणं'. आपल्यासाठी नसलेल्या गोष्टीसमोर, दुसऱ्या कोणासाठी किंवा पुढच्या आयटमसाठी, दहा मिनिटं बसून राहणं.

याला मी उगाच गोंजारत नाही. त्या एकत्र बसण्याची किंमत होती आणि ती कोणीतरी मोजत होतं. सगळं घर बसलंय म्हणून कोणालाही खटकणारं काही चालत नसे. जानेवारी १९५७ मध्ये एल्व्हिसला फक्त कमरेच्या वर दाखवलं. १९६७ मध्ये रोलिंग स्टोन्सना गाण्याचे शब्द बदलायला लावले. स्मदर्स बंधूंच्या कार्यक्रमातून पीट सीगरचं व्हिएतनाम युद्धावर बोट ठेवणारं गाणं आधी कापलं गेलं, नंतर १९६८ मध्ये दाखवलं, आणि १९६९ मध्ये तो कार्यक्रमच बंद झाला.

आणि नॅट किंग कोल. हा कृष्णवर्णीय गायक गोऱ्या घरांत लाडका होता. दुसऱ्यांच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून तो बिनदिक्कत यायचा. १९५६ मध्ये एनबीसीने त्याला स्वतःचा कार्यक्रम दिला. वर्षभर देशव्यापी प्रायोजक मिळालाच नाही, आणि डिसेंबर १९५७ मध्ये तो थांबला. पाहुणा म्हणून दहा मिनिटं चालेल, यजमान म्हणून नको. कृष्णवर्णीय यजमानाचा व्हरायटी शो खऱ्या अर्थाने गाजला तो १९७० मध्ये, फ्लिप विल्सनचा.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला सोडवत नाही. ती दहा मिनिटं मिळत तरी होती. सलिव्हनने लुई आर्मस्ट्राँगपासून सुप्रीम्सपर्यंत आणि डिसेंबर १९६९ मध्ये जॅक्सन फाइव्हपर्यंत कितीतरी कृष्णवर्णीय कलाकार आणले, आणि दक्षिणेकडच्या धंदेवाल्यांची कुरकुर असूनही आणले. ज्या घरांनी त्यांच्यासाठी मुद्दाम चॅनल बदललं नसतं त्या घरांत ते पोचले, कारण पुढे उंदीर येणार होता आणि मुलं हटणार नव्हती. निवड मोकळी झाल्यावर जो आपल्याला हवा असतो तो लगेच मिळतो. ज्याच्याबद्दल आपल्याला माहीतच नाही, त्याला मात्र दुसऱ्याची गर्दी उसनी घ्यावी लागते. व्हरायटी शो ही उसनवारीची जागा होती.

फोनही मला अनोळखी आयटम दाखवतो की, असं तुम्ही म्हणाल. दाखवतो, पण तो माझ्यावरून ओळखून दाखवतो, आणि मी अंगठा सरकवेपर्यंतचे दोन सेकंद देतो. मॅकॉल आणि ब्रिलना निदान पूर्ण वेळ तरी मिळाला होता. आजच्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'सारख्या कार्यक्रमांत जादूगार, गायक, कसरतपटू एकत्र दिसतात खरे, पण तिथे लोकांना धरून ठेवायला परीक्षक आणि निकाल लागतो. नुसता 'पुढे काय' एवढा दोरा पुरत नाही. एनबीसीने २००८ मध्ये रोझी ओडॉनलला घेऊन जुन्या पद्धतीचा व्हरायटी शो करून पाहिला. एकच भाग झाला.

आणि आमची यादी

बैठकीत मी यातलं एवढंच म्हणू शकले, की काका, वेळा टाकल्या तर खुर्च्या कमी लागतील हे खरं, पण माउथ ऑर्गनला एकही लागणार नाही. यावर एक जण म्हणाले, आतातरी कुठे लागते? आणि ते बरोबरच होतं. गेली काही वर्षं आजोबा शेवटी वाजवतात तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालत असतात. आजी गेल्यावर त्यांनी हे वाद्य हातात घेतलं, असं आई सांगते. नीट वाजवतात की नाही हे मला अजूनही सांगता येणार नाही. कारण मीही माझ्या मैत्रिणीचा नाच झाला की वर जाते.

बरीच घासाघीस होऊन वेळा टाकायच्या नाहीत, फक्त क्रम टाकायचा असं ठरलं. क्रम लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आजोबांना तिसऱ्या नंबरवर घेतलंय. त्यांच्या आधी छोट्यांचा नाच, त्यामुळे आई-बाप, आजी-आजोबा मोबाइल उंचावून तयार असतील. त्यांच्यानंतर कॉलेजची पोरं, त्यामुळे तरुण मंडळी जागा धरून बसलेली असतील. छोट्यांचे आई-बाप उठायच्या आत आणि पोरांचे मित्र येऊन बसल्यावर, मधली सहा मिनिटं.

आजोबांना सांगायला गेले तर ते घाबरले. म्हणाले, "अगं, एवढ्या गर्दीत?" मी त्यांना डच जादूगाराची गोष्ट सांगितली. मॅकॉल आणि ब्रिलची नाही सांगितली.